लांब फळी

समुद्राच्या लाटेला उर्दूत आपण 'मौज' म्हणतो. मराठीत 'मौज' म्हणजे मजा. एखादा मराठी मित्र म्हणाला, "काल समुद्रावर खूप मौज केली," तर त्याने लाटा केल्या असे समजू नका! पण एक खेळ असा आहे, की त्यात हे दोन्ही अर्थ एकत्र येतात. त्या खेळाचे नाव सर्फिंग. पायाखाली एक फळी घ्यायची, तिच्यावर उभे राहायचे आणि लाटेच्या उतारावरून घसरत किनाऱ्याकडे यायचे, असा हा खेळ आहे.

हा खेळ हवाई बेटांचा. जगाचा नकाशा उघडा आणि पॅसिफिक महासागराच्या मध्यभागी पाहा. तिथे काही बारीक ठिपके दिसतील. तीच हवाई बेटे. तिथले लोक शेकडो वर्षांपासून लाटांवर खेळत आले आहेत. त्यांच्या भाषेत या खेळाला 'हेए नालू' म्हणतात. 'नालू' म्हणजे लाट आणि 'हेए' म्हणजे घसरणे. जुन्या काळी त्यांच्याकडे वेगवेगळ्या लाकडी फळ्या होत्या. 'अलाया' नावाची फळी पातळ आणि त्या मानाने आखूड असे. 'ओलो' नावाची फळी फार लांब आणि जाड असे. ती सरदार लोक वापरत.

या खेळाला जगभर ओळख मिळवून देणाऱ्यांत ड्यूक कहानामोकू यांचे नाव पहिले घ्यावे लागेल. त्यांचा जन्म १८९० साली होनोलुलू शहरात झाला. ते पोहण्यातही अव्वल होते. १९१२ आणि १९२० च्या ऑलिंपिकमध्ये त्यांनी सुवर्णपदके जिंकली. १९१४-१५ च्या उन्हाळ्यात ते ऑस्ट्रेलियात गेले. (तिथे डिसेंबर-जानेवारीत उन्हाळा असतो, हे भूगोलात तुम्ही शिकला आहात.) तिथे त्यांनी लाकडापासून फळी तयार केली आणि सिडनीजवळच्या समुद्रात लोकांना लाटेवर उभे राहून दाखवले. इसाबेल लेथम नावाची पंधरा वर्षांची मुलगीही त्यांच्या फळीवर उभी राहिली.

पुढे लाकूड मागे पडले. फोमच्या गाभ्यावर काचतंतूंचे कापड चिकटवून हलक्या फळ्या होऊ लागल्या. तरी १९६५ पर्यंत फळीची लांबी साधारण नऊ-दहा फूट असे. मग १९६७ च्या सुमारास एकदम बदल झाला. ऑस्ट्रेलिया आणि अमेरिकेतल्या तरुणांनी फळ्या कापून लहान केल्या. दोन-तीन वर्षांत लांब फळ्या जुन्या ठरल्या आणि अडगळीत पडल्या. आज छोटी फळी साधारण सहा फुटांची असते. तिच्या खाली माशाच्या परांसारखे तीन लहान पर असतात. ती चटकन वळते. लाटेच्या माथ्यावर चढते, खाली येते, पुन्हा वर जाते. टोकियोचे २०२० चे ऑलिंपिक २०२१ साली झाले. त्यात सर्फिंग प्रथमच आले, तेव्हा खेळाडूंच्या पायाखाली अशाच छोट्या फळ्या होत्या.

पण लांब फळी संपली नाही. ती परत आली. आता तुम्हाला एक कल्पना करायची आहे.

समजा, तुम्ही छोट्या फळीवरचे चांगले खेळाडू आहात. पाच-सहा वर्षे तुम्ही मेहनत केली आहे. आज तुम्ही हवाई बेटांतल्या वायकीकीच्या किनाऱ्यावर उभे आहात. इथला समुद्र दूरवर उथळ आहे. त्यामुळे लाट एकदम कोसळत नाही. ती हळूहळू फुटत, लांबपर्यंत चालत येते. अशा आळशी लाटेवर तुमची छोटी फळी जागची हलत नाही. ते पाहून किनाऱ्यावरचे एक वयस्कर गृहस्थ आपली नऊ फुटी फळी तुमच्या हाती देतात. हवाईत अशा वडीलधाऱ्या माणसांना, नाते नसले तरी, 'अंकल' म्हणतात. आपणही अनोळखी माणसाला चाचा म्हणतोच की!

फळी उचलताच पहिला धडा मिळतो. घराचा दरवाजा साधारण साडेसहा फूट उंच असतो. ही फळी उभी धरली तर दरवाजातून जाणार नाही. छोटी फळी तुम्ही काखेत मारून पळत होता. ही काखेत नीट मावत नाही. वारा आला की तिचे टोक एका बाजूला फिरते आणि तिच्याबरोबर तुम्हीही फिरता. शेवटी तुम्ही ती डोक्यावर घेता आणि पाण्यात शिरता.

फळीवर पालथे झोपून हातांनी पाणी मागे लोटायचे, हे तुम्हाला येते. इथे मात्र आश्चर्य वाटते. छोटी फळी तुमच्या वजनाने अर्धी पाण्यात बुडत असे. ही तरंगते. दोन हात मारले की होडीसारखी सरळ पुढे जाते. "हे तर सोपे आहे!" असे तुम्ही मनात म्हणता. तेवढ्यात समोरून फेसाळलेली लाट येते.

छोट्या फळीवर अशा वेळी तुम्ही बदकासारखी बुडी मारता. फळीचे टोक पाण्यात दाबता आणि फळीसकट लाटेच्या खालून निघून जाता. तेच तुम्ही इथे करायला जाता. पण ही जाड फळी बुडायला तयार नाही. लाट तिला पकडते आणि तुमच्यासकट मागे फेकते. घाबरून तुम्ही फळी सोडून देता.

मित्रांनो, इथे थोडे थांबू या. कारण सर्वांत मोठी चूक हीच आहे. फळी हरवू नये म्हणून ती एका दोरीने घोट्याला बांधलेली असते. दोरी साधारण फळीइतकीच लांब असते. आता हिशेब करा. छोटी फळी सहा फूट, दोरी सहा फूट, एकूण बारा फूट. लांब फळी नऊ फूट, दोरी नऊ फूट, एकूण अठरा फूट. म्हणजे तुम्ही फळी सोडली, तर तुमच्या मागे अठरा फुटांपर्यंत असलेल्या कोणाच्याही डोक्यात ती बसू शकते. लांब फळीचे वजन छोटीच्या दुप्पट किंवा त्याहूनही जास्त असते. मागे एखादे लहान मूल असले तर? छोट्या फळीवर जी सवय चालून गेली, ती इथे दुसऱ्याला जखमी करू शकते.

मग काय करायचे? कासव व्हायचे. फळीच्या दोन्ही कडा घट्ट धरायच्या, श्वास रोखायचा आणि फळीसकट उलटे व्हायचे. आता फळी वर आणि तुम्ही पाण्यात खाली. लाट फळीवरून निघून जाते. मग पुन्हा सरळ व्हायचे. नाकात पाणी जाते, ते जाऊ द्यावे.

आता लाट पकडायची. छोटी फळी हातांनी फार वेगात जात नाही. म्हणून लाट उभी होईपर्यंत वाट पाहावी लागते. तिचा उतार भिंतीसारखा झाला, की शेवटच्या क्षणी उडी मारून उभे राहायचे. लांब फळीवर तुम्ही इतके थांबलात, तर तिचे टोक खाली पाण्यात घुसते आणि तुम्ही तोंडावर आपटता. लांब फळीचा वेग लवकर वाढतो. म्हणून लाट अजून पाण्याचा फुगवटा असतानाच हात मारायला सुरुवात करावी लागते. तुमच्या जुन्या सवयीला हे फार लवकर वाटते. पण वेळ हीच असते.

तिसऱ्या-चौथ्या प्रयत्नात तुम्ही उभे राहता. लगेच मागच्या पायाने शेपटीवर जोर देता. छोटी फळी अशाने गर्रकन वळते. लांब फळी वळत नाही. ती टोक वर करते आणि थांबते. लाट तुम्हाला सोडून निघून जाते.

आपल्या शाळेत ख़ुशख़ती शिकताना असेच होते. बॉलपेनने भराभर लिहिणाऱ्याच्या हाती रुंद टोकाचा क़लम दिला, तर तो पहिल्या दिवशी कागदावर नुसते डाग पाडतो. त्याचा हात वाईट नसतो. तो बॉलपेनचा झालेला असतो. क़लम दाबायचा नसतो. त्याचा कोन सांभाळायचा असतो आणि त्याला त्याच्या चालीने जाऊ द्यायचे असते. लांब फळीचेही तसेच आहे. मराठीत यासाठी 'सबुरी' हा शब्द आहे. तो आपल्या 'सब्र'पासूनच आला आहे.

किनाऱ्यावरून अंकल हाताने खूण करतात. चाला, फळीवर चाला! छोट्या फळीवर पाय जवळजवळ एका जागी असतात. लांब फळीवर एका पायापुढून दुसरा पाय टाकत चालावे लागते. वळायचे तर मागे जायचे, वेग हवा तर पुढे यायचे. चांगले खेळाडू चालत चालत अगदी टोकापर्यंत जातात आणि पायाची बोटे काठाबाहेर काढून उभे राहतात. पाच बोटे बाहेर असली तर 'हँग फाइव्ह', दहाही बोटे बाहेर असली तर 'हँग टेन' म्हणतात. मग टोक बुडत का नाही? फळीची शेपटी त्या वेळी लाटेच्या उभ्या पाण्यात असते. वाहते पाणी तिला खाली दाबून ठेवते. म्हणून पुढे माणूस उभा असूनही टोक वर राहते. झोपाळ्याच्या फळीचा नियम इथे पाण्याने पाळला आहे, असे म्हणा.

हे शिकायला मोठ्या खेळाडूंनाही कमीपणा वाटला नाही. ऑस्ट्रेलियाचे नॅट यंग १९६६ साली लांब फळीवर जगज्जेते झाले. नंतर छोट्या फळीचा प्रसार करणाऱ्यांत तेच पुढे होते. आणि १९८६ साली, चाळिशीच्या जवळ आल्यावर, त्यांनी पुन्हा लांब फळीवरचे जगज्जेतेपद मिळवले. मला या माणसाचे फार कौतुक वाटते. ज्या फळीला आपणच जुनी ठरवले, तिच्यावर परत उभे राहायला हिंमत लागते.

दुपारपर्यंत तुम्हाला दोन-तीन पावले चालता येऊ लागतात. आणि मग एक नवीन गोष्ट लक्षात येते. लांब फळी असल्यामुळे तुम्ही सर्वांच्या पुढे, दूर पाण्यात बसू शकता आणि येणारी प्रत्येक लाट सर्वांच्या आधी पकडू शकता. एक, दोन, पाच लाटा तुम्ही घेता. तुमच्या आणि किनाऱ्याच्या मध्ये छोट्या फळ्यांवरची मुले बसली आहेत. ती वाट पाहत आहेत. त्यांच्यापर्यंत लाट पोहोचते, तेव्हा तिच्यावर आधीच तुम्ही असता. कालपर्यंत तुम्ही त्यांच्या जागी होता. लांब फळीवाल्यांना तुम्ही मनातल्या मनात काय काय म्हणत होता, ते आठवा.

सहावी लाट येते. आतापर्यंतच्या लाटांमध्ये हीच सर्वांत चांगली आहे. मागे एक मुलगी आपल्या छोट्या फळीवर पालथी होऊन तयार आहे. तिची नजर लाटेवर नाही. ती तुमच्याकडे पाहत आहे. तुम्ही पाण्यात घातलेले हात बाहेर काढता आणि फळीवर उठून बसता. लाट तुम्हाला वर उचलते, हळूच खाली ठेवते आणि पुढे जाते. मागून जोरजोरात हात मारल्याचा आवाज येतो.