नाचात वेळ वाया जातो का?

प्रश्न : माझी मुलगी सातवीत आहे. चार वर्षे कथक शिकते. पहिल्या परीक्षेत गुण कमी पडल्यापासून ती खट्टू आहे. नर्तकी व्हायचे नसेल, तर क्लास बंद करून अभ्यासाकडे वळवावे का?
– एक पालक, पाचगणी

उत्तर : ताई, नर्तकी होणार नसेल तर नाच फुकट, हा समज आधी सोडा. तीनतालाच्या सोळा मात्रांत तिहाईचा (तीनदा येणाऱ्या बोलांच्या तुकड्याचा) तिसरा ‘धा’ समेवर, म्हणजे पहिल्या मात्रेवर, यावा लागतो. अर्धी मात्रा चुकली तरी लगेच कळते आणि पुन्हा पहिल्यापासून करावे लागते. चूक मान्य करून पुन्हा उभे राहण्याची ही रोजची सवय आहे, आणि गणितालाही तीच लागते. मात्र ही चिकाटी आपोआप येत नाही. चुकीवर हिणवणारा, सतत स्पर्धांत पळवणारा क्लास मुलांना खचवतो, तेव्हा आधी शिकवणे पाहा. आणि घाई करू नका. कथक नर्तकी रोहिणी भाटे यांनी १९४७ मध्ये पुण्यात ‘नृत्यभारती’ ही संस्था काढली आणि त्यानंतरही लच्छू महाराज, मोहनराव कल्याणपूरकर या गुरूंकडे त्या वर्षानुवर्षे शिकत राहिल्या. महत्त्वाकांक्षा अशी सावकाश घडते. सातवीतल्या गुणांवरून मुलीचा निकाल लावू नका.

वेळेची ओढाताण होत असेल तर आठवड्याला दोनच तास ठेवा, अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाची पुढची परीक्षा वर्षभर लांबवा. गुडघे किंवा टाचा दुखत असतील, तर फरशीवरचा तत्कार (पायांचे ठोके) थांबवून डॉक्टरांना दाखवा. आणि निर्णयाआधी एकदा तिलाच विचारा.