गौताळ्याचे अभयारण्य

छत्रपती संभाजीनगरहून कन्नडमार्गे जाणारा रस्ता औट्रम घाटाने चाळीसगावाकडे उतरतो. जेम्स औट्रम या इंग्रज अधिकाऱ्यावरून घाटास हे नाव पडले. याच परिसरातील वनास शासनाने १९८६ साली गौताळा औट्रमघाट अभयारण्य म्हणून घोषित केले. त्याचा विस्तार सुमारे २६० चौरस किलोमीटर आहे.

मुलांनो, ज्या अरण्यात वन्य प्राण्यांना माणसापासून अभय असते, ते अभयारण्य होय. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यान्वये येथे शिकारीस बंदी आहे. परंतु या अभयाचा लाभ केवळ बिबट्यास व अस्वलास होतो असे नव्हे. या डोंगरांच्या उत्तर उतारावर पडलेले पाणी गिरणेच्या वाटेने तापीस मिळून अरबी समुद्रास जाते. दक्षिण उतारावरचे गोदावरीस मिळून बंगालच्या उपसागरास पोहोचते. झाडांची मुळे उतारावरील माती धरून ठेवतात व पाणी जमिनीत मुरवितात. त्यामुळे पायथ्याच्या विहिरींना आधार मिळतो.

उन्हाळ्यात हे पानझडीचे रान पार वाळून जाते. विडीचे एक जळते थोटूकही मग अनर्थास पुरे होते. म्हणून वनमजूर वेळीच गवत काढून मोकळे पट्टे तयार करतात. त्यांस जाळरेषा म्हणतात. पेटत आलेल्या वणव्यास पट्ट्यात जाळण्याजोगे काही न उरल्याने तो तेथे अडतो.

गुराख्यांचा प्रश्न मात्र याहून अवघड आहे. सारे गवत गुरांनी खाल्ले तर भेकराने काय खावे? आणि दुष्काळात चारा न मिळाल्यास गुराख्याने तरी कोठे जावे? हा तंटा नुसत्या दंडाने मिटेल असे मला वाटत नाही. रानाची प्रत्येक पायवाट ज्यास ठाऊक, त्याच्यासारखा राखणदार दुसरा कोण मिळणार?

पितळखोऱ्याची दोन सहस्र वर्षांपूर्वीची लेणी आणि पाटणादेवीचे मंदिर पाहण्यास येथे पुष्कळ लोक येतात. लेण्यांपुढे गलका न केल्यास त्यांना मोरांची केकाही ऐकू येते.

२०२१ साली वनखात्याच्या स्वयंचलित छायाचित्रकात एका वाघाचे चित्र उमटले. वाघाचे पट्टे माणसाच्या बोटांच्या ठशांप्रमाणे प्रत्येकाचे निराळे असतात. ते ताडून पाहिले, तेव्हा तो यवतमाळ जिल्ह्यातील टिपेश्वर अभयारण्यातला निघाला. शेते, रस्ते आणि गावे ओलांडीत, शेकडो किलोमीटर चालत तो गौताळ्यास आला होता.