भाच्या, साइटचा हिशेब डासापासून मांड

पहिली साइट मिळाली, पेढे पोचले. आता मुंबईचा पाऊस येईल, तेव्हा सिमेंटच्या गोण्यांइतकंच माणसांनाही जप. मी सगळं चुकून शिकलोय, तू फुकटात शीक.

१. दर शनिवारी साचलेलं पाणी काढ — अंड्याचा डास व्हायला ८-१० दिवस लागतात, आपण सातव्यालाच हजर व्हायचं.

२. स्लॅबवरच्या आळ्यांतलं पाणी झाडून ताजं भर — स्लॅबला पाणी लागतं, जुनंच लागतं असं नाही.

३. लिफ्टच्या खड्ड्यात पाणी साचलंय का, ते स्वतः डोकावून बघ — मी मुकादमाच्या ‘हो शेठ’वर गेलो, नि सेंट्रिंगवाले चौघे मलेरियानं एकदम आडवे पडले. पंपाचं भाडं वाचवलं, स्लॅब मात्र पंधरवडाभर लांबला.

४. टाकीचं झाकण घट्ट बसव — शहरातला मलेरियाचा डास, ॲनॉफिलीस स्टीफेन्साय, गटारात नाही, स्वच्छ पाण्यात वाढतो. झाकण उघडं, तर गल्ला उघडा.

५. वापरायच्या मोठ्या हौदात गप्पी मासे सोड — अळ्या खातात आणि उचल मागत नाहीत.

६. खोपटात प्रत्येकाला मच्छरदाणी दे, रात्री एक फेरीही मार — मलेरियाचा डास अंधार पडल्यावर चावतो, आणि घडी घातलेली मच्छरदाणी फक्त उशीच्या कामाची.

७. कुणाला ताप आला की त्याच दिवशी पालिकेच्या दवाखान्यात रक्त तपासायला पाठव — तपासणी आणि गोळ्या तिथे फुकट. अंगावर काढलेला ताप डास खोपटभर वाटतो.

८. तपासणीत व्हायवॅक्स जातीचा मलेरिया निघाला तर डॉक्टरांनी दिलेला १४ दिवसांचा डोस पुरा करून घे — जंतू यकृतात दडतो. ताप उतरला म्हणून गोळ्या सोडल्या, की काही आठवड्यांनी पुन्हा खाडा.

९. तापाच्या दिवसांची हजेरी कापू नकोस — कापलीस तर पोरं ताप लपवून परातीला हात घालतील. रोजी वाचली, टोळी खचली.

१०. वर्षभर एकही ताप नसला तरी हा खर्च चालू ठेव — स्वातंत्र्याच्या वेळी देशात वर्षाला साडेसात कोटींना मलेरिया व्हायचा, १९६५ च्या सुमारास आकडा लाखावर आला. मग ढिलाई झाली, डासही औषधाला जुमानेनात, आणि १९७६ मध्ये ६४ लाख झाले. राखण उठली की पाखरं परततात.

तेव्हा मे महिन्यातच वहीत झाकणं, पंप आणि मच्छरदाण्यांचा रकाना पाड. सिमेंटच्या रकान्याच्या वर, हं.