तहान लागायची वाट पाहू नका

माझं माहेर धुळ्याचं, नोकरी आणि संसार जळगावात. मी ऑटिस्टिक आहे. निदान मोठेपणी झालं. एप्रिल-मे महिन्यांत ४३-४४ अंश आमच्याकडे नित्याचे, आणि जळगाव-भुसावळचा पारा ४५च्या पुढे गेला तरी कुणाला नवल वाटत नाही. ‘ऊन काय, सगळ्यांनाच लागतं,’ हे मी लहानपणापासून ऐकत आलेय. लागतंच. पण बाकीच्यांना शरीर वेळेवर सांगतं, माझं सांगत नाही. शिवाय झगझगाट, आवाज, चिकचिक हे सगळं त्याच वेळी अंगावर येतं. म्हणून उन्हाळ्यात मी अंगाला विचारून वागत नाही, आधी ठरवून वागते.

१. पाणी घड्याळ बघून प्यायचं.
भूक, तहान, थकवा अशा आतल्या खुणा ऑटिझम असलेल्या अनेकांना उशिरा किंवा अंधुक कळतात. त्यात खानदेशातलं ऊन कोरडं. घाम येतो तसा सुकतो, कपडे ओले होत नाहीत, त्यामुळे अंगातलं किती पाणी गेलं याचा पत्ताच लागत नाही. मला तहान कळते तोवर डोकं ठणकायला लागलेलं असतं आणि साधी वाक्यं जुळत नसतात. म्हणून कामाच्या ठिकाणी दर तासाला एक पेला, तहान असो वा नसो. लघवी गडद पिवळी दिसली की त्यात भर. फार घाम गेला असेल तर लिटरभर पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. पन्ह्याचा वास मला सोसत नाही आणि पाहुणचार म्हणून कुणी पुढे केलं तरी मी ते घेत नाही. साधं पाणी मागून घेते.

२. उजेड आणि उष्णता हे दोन वेगळे त्रास आहेत.
हे समजलं तेव्हा माझं निम्मं ओझं उतरलं. सावलीतही मला शीण यायचा, कारण समोरचा सिमेंटचा रस्ता, चुना मारलेली भिंत, उभ्या मोटारसायकलींचे आरसे यांचा उजेड डोळ्यांत घुसत असायचा. उष्णतेला पाणी आणि सावली लागते. उजेडाला रुंद काठाची टोपी, गडद चष्मा आणि खिडकीला जाड पडदा. घरात मात्र मी गडद चष्मा लावत नाही. डोळे अंधाराला सरावले की बाहेरचा उजेड आणखी टोचतो.
धुळ्याजवळच्या गावात आजीचं धाब्याचं घर होतं. जाड मातीच्या भिंती, वर मातीचंच सपाट छत, खिडक्या लहान. भर दुपारी आत अंधूक, गार आणि शांत. माझ्यासारख्या माणसाला यापेक्षा चांगली खोली कुणी बांधून दिली नसती. आता स्लॅबचं घर आहे. पश्चिमेची खिडकी मी मार्चमध्येच झाकते.

३. रुमाल जुना हवा.
आमच्याकडे डोक्या-तोंडाला रुमाल गुंडाळल्याशिवाय दुपारी कुणी गाडी काढत नाही. नव्या रुमालाची खळ गालाला घासते, नाकावर श्वास ओला होतो, मागची गाठ टोचते. मी बऱ्याच धुण्यांत मऊ झालेली मलमल वापरते आणि गाठ न मारता टोक आत खोचते. सनस्क्रीनचा चिकटा मला सहन होत नाही, म्हणून पूर्ण बाह्यांचा सैल सुती कुर्ता. शिवणीचा त्रास होत असेल तर आतून उलटा घालावा. लोक बघतात, बघू द्यावं.

४. कूलरचा आवाज निवडता येतो.
हवा कोरडी असल्यानं आमच्याकडे कूलर खरंच काम करतो. समोरची खिडकी थोडी उघडी ठेवली तरच, नाहीतर खोली नुसती दमट होते. सलग घरघर मला चालते. चालत नाही ती पंपाची मधूनमधून होणारी गुळगुळ आणि वीज गेल्यावर अचानक पडणारी शांतता. पाण्याची पातळी खाली जाऊ दिली नाही तर गुळगुळ बरीच थांबते. गवताच्या जाळीला वास यायला लागला की ती बदलावी. कूलर नसेल तर नुसत्या पंख्यावर विसंबू नये. हवा ४० अंशांच्या वर गेली की पंखा अंगावर गरम वाराच ढकलतो, म्हणून जागतिक आरोग्य संघटनासुद्धा तेव्हा तो वापरू नका म्हणते. ओल्या पंच्यानं हातपाय, मान पुसावी.

५. बारा ते चार बाहेर नाही.
मेच्या शेवटच्या आठवड्यात आमच्याकडे शून्य सावलीचा दिवस येतो. त्या सुमारास दुपारी भिंतीलाही सावली नसते. भाजी सकाळी सातला. एसटीनं जळगावहून धुळ्याला जायचंच तर मेमधल्या दुपारी डावीकडची खिडकी, परतताना उजवीकडची; तेव्हा सूर्य उत्तरेकडे झुकलेला असतो. कामाच्या ठिकाणी मी लवकर येऊन लवकर जायची परवानगी लेखी मागितली. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात ऑटिझम आहे, त्यामुळे अशी सोय मागताना संकोच करायचं कारण नाही.

६. आखाजी आणि लग्नं.
आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी जायची ओढ मलाही आहे. झोका, खापरावरचे मांडे, आमरस. पण पाहुण्यांनी भरलेलं घर आणि ४३ अंश एकत्र आले की माझं बोलणं बंद पडतं. आता मी वहिनीला आधीच सांगते, ‘जेवण झालं की मी मागच्या खोलीत पडते, कुणाला उठवायला पाठवू नका.’ लग्नात अक्षतांपुरती, मांडवाच्या कडेला, बँडपासून लांब.

७. गप्प झालेल्या माणसाकडे नीट बघा.
घरच्यांसाठी हे सगळ्यांत महत्त्वाचं. ताण असह्य झाला की मी गप्प होते, प्रश्नांना उत्तर देत नाही. उष्माघातातही माणूस असाच दिसू शकतो. ‘तिचं असंच असतं’ म्हणून सोडून देणं जिवावर बेतेल. हात लावून बघा, थर्मामीटर लावा. अंग तापलेलं, बरळणं, तोल जाणं, उलटी, झटका यांपैकी काही दिसलं तर सावलीत आणा, अंगावर पाणी ओता, वारा घाला आणि १०८ला फोन करा. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालू नका. न बोलणाऱ्या मुलांच्या आईवडिलांनी तर हे पाठच करावं.

८. औषधं.
रिस्पेरिडोनसारखी औषधं शरीराचं तापमान सांभाळण्यात अडथळा आणू शकतात. मार्चमध्येच डॉक्टरांना विचारावं. मनानं बंद करू नयेत.

९. मृगाच्या आधीचे दिवस वेगळे धरावेत.
पारा उतरतो, लोक सुटकेचा श्वास टाकतात, आणि माझा त्रास तेव्हा वाढतो. हवा दमट झाली की कूलर निकामी, घाम सुकत नाही, कापड पाठीला चिकटतं. त्या दिवसांत मी कूलरचा पंप बंद ठेवून नुसता पंखा लावते, दुपारी एकदा अंघोळ करते आणि ऑफिसच्या खणात बदलायला दुसरा कुर्ता ठेवते.