कापलेलं बिल आणि इंग्रजीतला पूर्ण काळ

इंग्रजी भाषांतराची कामं घेणाऱ्यांनी, त्यातही मराठी शाळेत शिकून या धंद्यात आलेल्यांनी, हे जरूर वाचावं. माझं निम्मं बिल ज्या तीन ‘चुकां’च्या नावावर कापलं गेलं, त्या तिन्ही ठिकाणी माझं इंग्रजी बरोबर होतं आणि दुरुस्ती चुकीची होती. मी एजन्सीला हे लेखी कळवलं, पुस्तकांची पानं जोडली, दोनदा आठवण केली. एका ओळीचं उत्तर आलं नाही. निदान दुसऱ्या कुणाच्या तरी उपयोगी पडावं म्हणून लिहिते आहे.

काम पुण्यातल्या एका सोसायटीच्या पुनर्विकासाचं होतं. काही सदनिकांचे मालक अमेरिकेत, त्यांना सही करण्याआधी सगळे कागद इंग्रजीत हवे होते. विकासकाबरोबरच्या कराराचा मसुदा, जुना पत्रव्यवहार आणि समितीच्या सभांची इतिवृत्तं. मी मुदतीत दिलं. मग फाइल लाल होऊन परत आली आणि सोबत एक तक्ता, त्यात तीन ‘मेजर एरर’. तिन्ही गौण वाक्यांतल्या क्रियापदांवर.

करारातलं कलम असं होतं: विकासकाने बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्र मिळवल्यानंतरच सभासद सदनिका रिकाम्या करतील. मी लिहिलं, ‘मेंबर्स शॅल व्हेकेट द फ्लॅट्स ओन्ली आफ्टर द डेव्हलपर हॅज ऑब्टेन्ड द कमेन्समेंट सर्टिफिकेट.’ एजन्सीच्या तपासनिसांनी ‘हॅज ऑब्टेन्ड’ खोडून ‘विल हॅव ऑब्टेन्ड’ केलं. शेरा: गोष्ट भविष्यातली असताना वर्तमानकाळ कसा?

असाच असतो. आफ्टर, व्हेन, अन्टिल, वन्स, अ‍ॅज सून अ‍ॅज यांनी सुरू होणाऱ्या कालदर्शक गौण वाक्यात इंग्रजी भविष्यकाळ वापरत नाही. भविष्य मुख्य वाक्यानं एकदा सांगितलं की झालं. गौण वाक्यात साधा वर्तमान येतो किंवा पूर्ण वर्तमान, आणि या दोघांतून निवडताना खरं डोकं लावावं लागतं. पोहोचणं, सही करणं अशी क्षणात उरकणारी क्रिया असेल तर कोणताही घ्या, अर्थ फारसा हलत नाही. पण वेळ खाणारी क्रिया असेल तर हलतो. ‘व्हेन आय रीड द ड्राफ्ट, आय विल मेक नोट्स’ म्हणजे वाचता वाचता टिपणं काढीन. ‘व्हेन आय हॅव रेड द ड्राफ्ट’ म्हणजे पूर्ण वाचून झाल्यावर. कराराच्या भाषेत तर काम पुरं झाल्याची खूण गौण वाक्यात असलेली केव्हाही बरी, कारण माणसं आपलं राहतं घर सोडणार आहेत ते त्या एका ‘हॅज’च्या भरवशावर.

तपासनिसांच्या ‘विल हॅव’ला इंग्रजीत जागा आहे, पण ती मुख्य वाक्यात. ‘बाय द टाइम यू रीच द स्टेशन, द ट्रेन विल हॅव लेफ्ट.’ इथेसुद्धा ‘बाय द टाइम’च्या मागचं क्रियापद साध्या वर्तमानात आहे, ते नीट पाहा. आणि उलट टोकाला जाऊन ‘व्हेन’ दिसला की ‘विल’ खोडू नका. ‘आय डोन्ट नो व्हेन ही विल कम’ हे शुद्ध आहे, कारण तिथलं गौण वाक्य काळ दाखवत नाही, ते ‘नो’चं कर्म आहे.

दुसरी ‘चूक’ पत्रव्यवहारातली. एका सभासदाचं म्हणणं, आपण मार्च २०१९ मध्ये अनामत भरली आहे. मी लिहिलं, ‘द मेंबर क्लेम्स टू हॅव पेड द डिपॉझिट इन मार्च २०१९.’ शेरा आला की ‘हॅव पेड’बरोबर ठरावीक तारीख चालत नाही, म्हणून ‘क्लेम्स टू पे’. ठरावीक तारखेचा तो नियम ‘ही हॅज पेड’ अशा, काळ दाखवणाऱ्या क्रियापदाला लागतो. ‘टू’च्या मागे साधा भूतकाळ येऊच शकत नाही, ‘टू पेड’ असं काही नसतं. तिथे भूतकाळाचंही काम ‘हॅव’ करतं, त्यामुळे तारीख खुशाल येते. ‘मस्ट हॅव पेड इन मार्च’ किंवा ‘हॅविंग पेड इन मार्च’ यांचंही तसंच. ‘क्लेम्स टू पे’नं मात्र मार्चमध्ये एकदा भरलेली अनामत वाक्यातून नाहीशी झाली.

तिसऱ्या ठिकाणी माझा संयम सुटला. इतिवृत्तात होतं: समितीने मंजुरी देण्यापूर्वीच कंत्राटदाराने गच्चीवरची भिंत पाडली. माझं वाक्य: ‘द कॉन्ट्रॅक्टर डिमॉलिश्ड द टेरेस वॉल बिफोर द कमिटी हॅड अप्रूव्ड इट.’ तपासनिसांनी ‘हॅड’ उचलून पुढे नेला. ‘हॅड डिमॉलिश्ड… बिफोर द कमिटी अप्रूव्ड इट.’ मी फोन केला. पलीकडून शांत आवाजात उत्तर आलं, “मॅडम, दोन घटनांपैकी आधीची जी असेल तिला हॅड लागतो. आठवीत शिकवतात.”

मी विचारलं, “पुढचा ठराव वाचलात का?” पुढच्याच ठरावात समितीनं मंजुरी साफ नाकारली होती.

“मराठी फाइल माझ्याकडे येत नाही. मी फक्त इंग्रजी बघतो.”

मला तिथे सगळं उमगलं. माझ्या भाषांतराचे पैसे कापणाऱ्या माणसानं मूळ मजकूर पाहिलाच नव्हता, आणि पाहण्याची गरज त्याला वाटतही नव्हती. त्याच्या वाक्यातून सरळ वाचणाऱ्याला कळणार की समितीनं नंतर मंजुरी दिली. अमेरिकेतला मालक तेच समजणार, आणि बेकायदा पाडलेली भिंत कागदावर कायदेशीर होणार.

‘बिफोर’च्या मागचा ‘हॅड’ आधी काय घडलं ते सांगत नाही, काय पुरं झालं नव्हतं ते सांगतो. ‘शी स्विच्ड ऑफ द गॅस बिफोर द मिल्क हॅड बॉइल्ड.’ गॅस आधी बंद झाला, दूध उकळलंच नाही, आणि तरी ‘हॅड’ दुधाला. ही रचना नेहमीची नाही, पण पक्की आहे. मायकल स्वॉन यांच्या ‘प्रॅक्टिकल इंग्लिश यूसेज’मध्ये ‘बिफोर’च्या नोंदीत ती स्वच्छ दिली आहे. मी तेच पान पाठवलं होतं.

शाळेतला नियम खोटा नाही. डॉक्टर येण्याआधी रोगी दगावल्याचं वाक्य आपण सगळ्यांनी घोकलंय, आणि ते बरोबरच आहे. पण तो नियमाचा एक तुकडा झाला. ‘बिफोर’ आणि ‘आफ्टर’ स्वतःच क्रम सांगतात, त्यामुळे त्यांच्याबरोबर पुष्कळदा ‘हॅड’ लागतही नाही. शिवाय आपल्या मराठीची सवय आड येते. ‘काल बँकेत गेलो होतो’ हे आपलं साधं निवेदन. ‘आय हॅड गॉन टू द बँक यस्टरडे’ म्हटलं की इंग्रजी माणूस पुढे काय घडलं याची वाट बघत राहतो. तिथे ‘वेन्ट’ पुरे. मराठीत ‘होतो’ दिसला म्हणून इंग्रजीत ‘हॅड’ घालायचा नाही, हे मी नवीन मुलांना पहिल्याच दिवशी सांगते.

‘सिन्स’चंही तसंच. कामाला लागून तीन वर्षं झाली, तर ‘इट हॅज बीन थ्री इयर्स सिन्स आय जॉइन्ड’. रुजू होणं एका दिवशी घडून संपलं, म्हणून साधा भूतकाळ. पण ‘सिन्स आय हॅव लिव्ह्ड इन पुणे’ हेही बरोबर, कारण राहणं अजून चालू आहे. ‘इफ’च्या मागे ‘वुड हॅव’ अमेरिकेत बोलताना सर्रास ऐकू येतं, पण लेखी कामात ‘इफ दे हॅड इन्फॉर्म्ड मी’ हेच ठेवा. ‘पहिल्यांदाच येतोय’चं ‘फर्स्ट टाइम आय अ‍ॅम कमिंग’ करू नका, ‘हॅव कम’ करा. बाकी वाचन वाढवा, रोज थोडं चांगलं इंग्रजी डोळ्यांखालून जाऊ द्या, हे सगळेच सांगतात आणि खरंही आहे.

मी आता काम घेण्याआधी ईमेलवर विचारते: तपासणार कोण, त्यांना मराठी येतं का, मूळ फाइल त्यांच्यासमोर असेल का. कपात करायची असेल तर आधी मला कारण लेखी कळवायचं आणि उत्तराची संधी द्यायची, हेही त्यात असतं. कराराचं काम असेल तर अर्थावर परिणाम करणाऱ्या क्रियापदांवर मी स्वतः समासात टीप टाकते, ‘मंजुरी पुढे नाकारली, ठराव पाहा’ अशी. टीप खोडायला तपासनिसाला निदान ती वाचावी लागते. आपण दिलेली फाइल तारखेसह वेगळी जपून ठेवा, दुरुस्त केलेली तिच्यावर चढू देऊ नका. आणि फोनवर वाद घालू नका. मी घातला, आणि त्याचा कुठलाही पुरावा माझ्याकडे उरला नाही.

पुढे अमेरिकेतल्या एका मालकाच्या वकिलांनी करार वाचून ‘विल हॅव ऑब्टेन्ड’वर काट मारली आणि ‘हॅज ऑब्टेन्ड’ परत आणलं. हे मला सोसायटीच्या सचिवांकडून कळलं, एजन्सीकडून नाही. त्यानंतर त्याच एजन्सीचा नव्या कामासाठी निरोप आला, जुन्या कपातीचा उल्लेखही न करता. मी कळवलं, आधी राहिलेले पैसे आणि तक्त्यातल्या तीन शेऱ्यांची लेखी दुरुस्ती, मग नवं काम. तुमच्यावर अशी वेळ आली तर तुम्हीही ही दुसरी अट सोडू नका. तो तक्ता त्यांच्याकडे तुमच्या नावावर राहतो, आणि पुढचा दर त्यावरूनच ठरतो.