पेट्रोलच्या टाकीचं बेसिन करू नका

नाहूरच्या आमच्या गाळ्यात ग्रीसचे हात धुवायला बेसिन हवं होतं. ते गाडीच्याच भागांचं करायचं ठरवलं, आणि शक्यतो फियाटच्या. फियाट म्हणजे प्रीमियर पद्मिनी, ती कुर्ल्याला बनायची, आमच्याच एलबीएस रोडवर. ऑक्टोबर 2023 अखेर तिची टॅक्सीही मुंबईतून गेली. म्हणून कुर्ल्याला भंगारात तिची पेट्रोलची टाकी दिसली तेव्हा सोडवेना. आतून धुतलीय का, हे मी भंगारवाल्याला दोनदा विचारलं. ‘केव्हाच धुतली शेठ, कोरडी ठणठणीत आहे,’ म्हणाला. हे मुद्दाम लिहितोय, कारण नंतर सगळं माझ्या माथी मारलं गेलं.

टाकी आडवी कापायला फॅब्रिकेटरकडे दिली. आधी काठोकाठ पाणी भरा, मग ग्राइंडर लावा, असं त्याला सांगितलं. तो हसला. इतकी वर्षं हेच करतोय, म्हणाला. टाकी सकाळपासून उन्हात पडली होती. मी सहज झाकण काढून वास घेतला आणि पोटात गोळा आला. पेट्रोलचा वास, अगदी ताजा. ‘थांबव!’ म्हणून ओरडेपर्यंत त्याच्या हाताखालच्या पोराने पलीकडून चाक टेकवलं होतं. धाडकन आवाज झाला, टाकीची शिवण फाटली, जाळ बाहेर आला. पोराच्या भुवया जळल्या, मनगटापासून कोपरापर्यंत हात भाजला. त्याला दवाखान्यात मी नेलं. मालक जागचा हलला नाही. ‘टाकी तुमची, पेट्रोल तुमचं,’ एवढंच बोलला. वर कापायची मजुरी मागितली!

रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा घातक असते. जळतं ते द्रव पेट्रोल नव्हे, त्याची वाफ. हवेत ती साधारण 1.4 ते 7.6 टक्के असली की एक ठिणगी पुरते. 40 लिटरच्या टाकीत तेवढी वाफ व्हायला चमचाभर पेट्रोल बास. ते शिवणीत, आतल्या पडद्यांमागे, गंजाच्या खपल्यांत मुरलेलं असतं. पाण्याने खळखळून ते निघत नाही, आणि उष्णता लागली की पुन्हा वाफ धरते. शिवाय जुन्या टाक्यांच्या पत्र्यावर शिसं आणि कथिलाचा मुलामा असायचा. कापताना त्याची धूळ उडते, वेल्डिंगला धूर होतो. तेव्हा कोणी कितीही धुतलेली म्हणो, घेऊ नका.

आता आमच्याकडे मारुती 800 ची 12 इंची लोखंडी रिम आहे. तिच्यात स्टीलचं पसरट पातेलं बसवलं, बुडाला भोक पाडून वेस्ट कपलिंग घातलं. पायाला जुनी ब्रेक डिस्क, जड असल्याने स्टँड हलत नाही. कॉइल स्प्रिंगचे पाय छान दिसतात, पण त्या पोलादाला साधं वेल्डिंग टिकत नाही, जोडाशेजारी तडकतं. जुना ब्रेक ड्रम घेणार असाल तर आतली धूळ हवेने उडवू नका, जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असायचं. ओल्या फडक्याने पुसा. निचऱ्याला रेडिएटरचा होज चालतो, मात्र आधी भरपूर धुवा. कूलंट विषारी असतं आणि गोड लागतं, गाळ्यातली मांजरं ते चाटतात. नळासाठी वायपरच्या पाण्याची 12 व्होल्टची मोटर लावली तर दाबून धरायचाच स्विच घ्या. अ‍ॅम्बेसेडरचा पायाने दाबायचा डिपर स्विच आम्ही लावून बघितला. तो एकदा दाबला की चालूच राहतो, आणि ही मोटर थोडा वेळ फवारा मारायला बनलेली, कोरडी फिरली की जळते.

बेसिनखाली तेल अडवायला डबा हवाच. तेल पाण्यावर तरंगतं, म्हणून पाणी बाहेर नेणारा पाइप डब्याच्या तळाजवळून घ्या. वर साठलेलं तेल गटारात ओतू नका. वापरलेलं ऑइल घातक कचऱ्यात मोडतं, ते परवानाधारक रिसायकलरलाच द्यायचं. हातमोजे, गॉगल वगैरे वापरा, हे काही नवं नाही.

भंगारवाल्याने अजून चूक कबूल केलेली नाही. फॅब्रिकेटर वाटेत दिसला की मान फिरवतो, आणि पोराच्या हातावर डाग राहिलाय. फॅब्रिकेशनवाल्यांना एवढीच विनंती आहे: गिऱ्हाईक माझ्यासारखं कितीही मागे लागलं तरी पेट्रोलची टाकी कापायला घेऊ नका, आणि हाताखालच्या पोराच्या हातात तर ती मुळीच देऊ नका.