पाऊस आपला, धूर कुणाचा?

प्रश्न : जपान, चीन, दक्षिण कोरिया वगैरे तेरा देश मिळून पावसातलं आम्ल मोजतात, असं वाचनात आलं. ज्याने त्याने आपापल्या अंगणातला पाऊस मोजावा, त्यासाठी तेरा सरकारांनी एकत्र बसण्याची काय गरज? शिवाय आम्ही चंद्रपूरकर औष्णिक वीज केंद्राच्या चिमण्या रोज बघतो. मग आमच्याकडे आम्लवर्षा झाल्याचं कधी ऐकू कसं येत नाही? आमचा पाऊस कोणी मोजतं तरी का?

उत्तर : प्रश्न तीन आहेत, पण एकमेकांत चांगलेच गुंतलेले आहेत. सोडवायला घेण्याआधी आम्लवर्षेची भीती तेवढी बाजूला काढू. या पावसाने अंग भाजत नाही की छत्रीला भोकं पडत नाहीत. आम्लता दाखवणारा सामू, म्हणजे पीएच, शुद्ध पाण्याचा ७ असतो. हवेतला कार्बन डायऑक्साइड विरघळतो म्हणून अगदी स्वच्छ हवेतल्या पावसाचा सामूही ५.६ च्या आसपास येतो. म्हणजे पाऊस मुळातच किंचित आम्लधर्मी. त्याच्याही खाली सामू घसरला की आपण आम्लवर्षा म्हणतो. ही पट्टी अशी आहे की एक अंक खाली उतरला की आम्लता दहापट होते. ४.६ सामूच्या पावसात तुम्ही चिंब भिजलात तरी तुम्हाला काही कळणार नाही. तोच पाऊस वर्षानुवर्षं एखाद्या तळ्यात पडत राहिला, तर तळ्यातल्या माशांना मात्र कळतं.

दुसरी समजूत, हे आम्ल पावसातूनच उतरतं. नावात वर्षा असली तरी ते धुक्यातून येतं, बर्फातून येतं, आणि पाऊस नसताना वायू व सूक्ष्म कणांच्या रूपात कोरडंच येऊन पानांवर, मातीवर, दगडावर बसतं. त्यामुळे नुसतं पावसाचं पाणी तपासून हिशेब पुरा होत नाही. हवाही मोजावी लागते.

आता तुमच्या पहिल्या प्रश्नाकडे. कोळशात आणि तेलात गंधक असतं, ते जळून सल्फर डायऑक्साइड तयार होतो. इंजिनांत आणि भट्ट्यांत कडक उष्णतेमुळे हवेतला नायट्रोजनही ऑक्सिजनशी संयोग पावतो. हे वायू हवेत आणि ढगांतल्या थेंबांत बदलत बदलत सल्फ्युरिक आणि नायट्रिक आम्ल होतात. या बदलाला काही तास लागतात, कधी काही दिवस. तेवढ्या वेळात वारा काही थांबलेला नसतो. वायू एका ठिकाणी निघतो आणि आम्ल शेकडो किलोमीटरवर पडतं, ते यामुळे.

यावर एके काळी फार सोपा तोडगा निघाला होता : चिमणी उंच करा. कॅनडातल्या सडबरी इथे निकेल वितळवणाऱ्या कारखान्याने १९७२ साली तब्बल ३८१ मीटर उंचीची चिमणी उभारली. गावची हवा सुधारली, यात शंका नाही. गंधक मात्र नाहीसं झालं नाही, ते लांब जाऊन पडू लागलं. उंच चिमणीने धूर कमी होतो, ही समजूत आपल्याकडेही पुष्कळांची आहे. चिमणी धूर फक्त पातळ करते आणि त्याचा पत्ता बदलते.

युरोपात नेमकं हेच घडलं. १९६७ साली स्वीडनचे मृदाशास्त्रज्ञ स्वांते ओडेन यांनी एका वृत्तपत्रात लिहून खळबळ उडवून दिली. युरोपभरच्या केंद्रांवरच्या पावसाच्या जुन्या नोंदी त्यांनी एकत्र मांडल्या होत्या. त्यांचं म्हणणं असं की, आपल्या तळ्यांत उतरणाऱ्या आम्लाचं गंधक ब्रिटन आणि मध्य युरोपातून वाऱ्याबरोबर येतंय. स्कँडिनेव्हियाची जमीन ग्रॅनाइटची, चुन्याचा अंश फार थोडा. आलेलं आम्ल मारायला तिथे काही नाही. आम्लामुळे मातीतलं ॲल्युमिनियम विरघळून तळ्यात उतरायचं, माशांच्या कल्ल्यांवर बसायचं, आणि ट्राउट, सामन मरायचे. हिवाळाभर साचलेलं बर्फ वसंतात एकदम वितळलं की महिन्यांचं आम्ल काही दिवसांत तळ्यात. ब्रिटनला हे पटवून घ्यायला बरीच वर्षं लागली. पुरावा काय, असा त्यांचा सवाल होता, आणि तो अगदीच गैरलागू नव्हता.

हे बांधाचं भांडण झालं. दोघे शेजारी आपापला टेप घेऊन बांध मोजत राहिले तर तंटा पिढ्यान्‌पिढ्या चालतो. दोघांना मान्य असलेला मोजणीदार आणावाच लागतो. १९७२ मध्ये पश्चिम युरोपातल्या अकरा देशांनी एकत्र मोजणी सुरू केली आणि पाच वर्षांनी दाखवून दिलं की, स्वीडन-नॉर्वेत पडणाऱ्या गंधकाचा मोठा भाग खरोखरच सीमेपलीकडून येतो. १९७७ पासून त्याचंच कायमचं जाळं झालं, ईएमईपी नावाचं. शीतयुद्ध ऐन भरात असताना या जाळ्याचं गणित करणारी दोन केंद्रं उभी राहिली : एक ओस्लोत, एक मॉस्कोत! १९७९ मध्ये जिनिव्हात सीमापार वायुप्रदूषणाचा करार झाला तेव्हा अमेरिका आणि सोव्हिएत संघ दोघांनीही सह्या केल्या. पुढे १९८५ मध्ये, १९८० च्या मानाने गंधकाचं उत्सर्जन १९९३ पर्यंत तीस टक्के कमी करायचं ठरलं, तेव्हा ब्रिटन आणि अमेरिका बाजूला राहिले. मोजणी मात्र चालूच राहिली. दर वर्षी कोणाचं किती गंधक कोणाच्या अंगणात पडलं याचं कोष्टक छापून येऊ लागलं. त्या कोष्टकात वर्षानुवर्षं आपलं नाव वाचायला कोणाला आवडेल? १९९४ च्या ओस्लो करारावर ब्रिटननेही सही केली.

पण मग प्रत्येकाने स्वतः मोजून आकडे एकमेकांना कळवले तर चालणार नाही का? नाही, कारण पाऊस मोजणं दिसतं तितकं सोपं नाही. उघडं भांडं ठेवलंत तर कोरड्या दिवसांतली धूळ, पानं, पक्ष्यांची विष्ठा, सगळं त्यात पडतं आणि सामू भलताच येतो. म्हणून या केंद्रांवर झाकणाचं पात्र असतं. पहिले थेंब संवेदकावर पडले की झाकण आपोआप सरकतं, पाऊस थांबला की पुन्हा बंद होतं. जमलेलं पाणी थंड ठेवावं लागतं, नाही तर त्यातले जंतू अमोनियम आणि सेंद्रिय आम्लं खाऊन टाकतात. काही ठिकाणी त्यासाठी पाण्यात थायमॉलची चिमूट टाकतात. थायमॉल म्हणजे आपल्या ओव्याला ज्याचा वास असतो तेच द्रव्य.

मग प्रयोगशाळेतली झडती. पाण्यातल्या धन आयनांची बेरीज ऋण आयनांच्या बेरजेशी जुळली पाहिजे. नाही जुळली तर कुठेतरी घोटाळा आहे. आणि तुम्ही विचारलेल्या तेरा देशांच्या जाळ्यातली एक पद्धत तर मला फार आवडते. त्यांचं केंद्र जपानमधल्या निइगाता शहरात आहे. तिथे बाटलीत कृत्रिम पाऊस तयार करतात. त्यात काय किती घातलंय हे फक्त केंद्राला ठाऊक असतं. या बाटल्या सगळ्या देशांच्या प्रयोगशाळांना पाठवतात. उत्तर पंधरा टक्क्यांहून जास्त चुकलं तर आकड्यापुढे ‘ई’ असा शेरा पडतो, तीस टक्क्यांच्या पलीकडे गेलं तर ‘एक्स’. जपान असो की लाओस, परीक्षा सगळ्यांना एकच. एकत्र मोजायचं ते यासाठी. नुसता आकडा कोणीही देईल. समोरच्याला मान्य करावा लागेल असा आकडा एकट्याने देता येत नाही.

या जाळ्याचं नाव ईएनेट. १९९८ मध्ये तयारी सुरू झाली, २००१ पासून रीतसर काम. पुढाकार जपानचा होता, आणि त्याला कारणही होतं : हिवाळ्यात आशिया खंडावरून येणारे वायव्येचे वारे जपानच्या पश्चिम किनाऱ्यावर भरपूर बर्फ टाकतात, आणि त्या बर्फाबरोबर खंडावरच्या धुरातलं गंधकही उतरतं. तरीही ईएनेटमध्ये कोणावर बोट रोखणारं कोष्टक निघत नाही, आणि उत्सर्जन कमी करण्याचं बंधन कोणावरही नाही. म्हणून त्याला युरोपच्या जाळ्याची आशियाई आवृत्ती समजणं चुकीचं. २००० च्या दशकाच्या मध्यानंतर चीनने सल्फर डायऑक्साइड झपाट्याने खाली आणला खरा. तो मुख्यतः आपल्याच शहरांतल्या हवेला आणि लोकांच्या ओरडीला वैतागून. शेजाऱ्याच्या आकड्यांना घाबरून आणला, असं मला वाटत नाही. त्याचा परिणाम शेजारच्या देशांच्या पावसात उतरला, याला मात्र सगळ्यांना पटेल असा पुरावा या जाळ्यामुळेच मिळाला.

आता चंद्रपूर. तुमच्याकडे गंधक जळतं, तरी आम्लवर्षा झाल्याचं ऐकू का येत नाही? उत्तर तुमच्या पायाखाली आहे. आपल्या मातीत, विशेषतः विदर्भाच्या काळ्या मातीत, चुनखडीचा अंश असतो. तिची धूळ हवेत मिसळते आणि ढगातलं आम्ल तिथल्या तिथे मारते. तुमच्या जिल्ह्यात सिमेंटचे कारखाने आहेत, त्यांची धूळही त्याच जातीची. चीनमध्येही हेच दिसतं. धूर उत्तरेत मुबलक, पण वाळवंटी धुळीमुळे तिथला पाऊस फारसा आम्लधर्मी नाही. आम्लवर्षेचा खरा फटका बसला तो लाल मातीच्या दक्षिणेला.

यावरून धूळ बरी, असा अर्थ कृपा करून काढू नका. आम्ल मारलं जातं तेव्हा गंधक कुठे जात नाही. त्याचं सल्फेट होतं, आणि ते सूक्ष्म कणांच्या रूपात छातीत जातं. पावसाचा सामू चांगला आला म्हणून हवेला प्रशस्तिपत्र मिळत नाही. दुसरी अडचण अशी, की वीज केंद्रांच्या धुरातली राख पकडणारी यंत्रं आपण बसवली, गंधक पकडणारी फारशी नाहीत. राख आणि धूळ घटली, गंधक तेवढंच राहिलं, तर आम्ल मारणारं कमी पडतं आणि सामू उतरू लागतो.

तो उतरतोय की नाही, हे बघणारं कोणी आहे का? आहे. भारतीय हवामान खात्याने १९७० च्या दशकात पावसाचं रसायन तपासणारी केंद्रं उभारायला घेतली. ती दहा झाली. त्यांत पुणे आहे, आणि तुमच्या जवळचं नागपूरही. या दीर्घ नोंदींवर पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेचे (आयआयटीएम) शास्त्रज्ञही काम करतात. प्रयागराज, विशाखापट्टणम आणि आसामातल्या मोहनबारीच्या नोंदींत सामूचा कल खाली जाताना दिसलाय. चंद्रपुरात हवेतले वायू आणि धूळ मोजली जाते, पण पावसाच्या पाण्याची अशी दीर्घ नोंद तुम्हाला नागपूरचीच घ्यावी लागेल.

आणि शेजारी देशांशी मिळून? त्यासाठी भारत ईएनेटमध्ये असायला हवा होता असं नाही. ते जाळं पूर्व आशियाचं आहे. आपल्यासाठी १९९८ मध्येच मालेचा जाहीरनामा झाला. भारत, पाकिस्तान, बांगलादेश, नेपाळ, भूतान, श्रीलंका, मालदीव आणि इराण असे आठ देश त्यात आहेत. सीमेपलीकडे जाणारं प्रदूषण मिळून मोजायचं आणि रोखायचं, असं ठरलं. स्वीडनच्या मदतीने काही केंद्रं निघाली, प्रशिक्षणं झाली. पण युरोपसारखी, वर्षानुवर्षं न चुकता चालणारी मोजणी इथे रुजली नाही. लाहोरचा धूर अमृतसरला येतो की अमृतसरचा लाहोरला जातो, यावर दर नोव्हेंबरात दोन्हीकडचे नेते बोलतात. दोघांनाही मान्य असा मोजणीदार नसल्यामुळे ते बोलणं तिथेच राहतं.

देशाच्या आतही हाच पेच आहे. वीज केंद्रांनी सल्फर डायऑक्साइड पकडावा असा नियम आपल्याकडे डिसेंबर २०१५ मध्ये आला, मुदती वाढत गेल्या, आणि जुलै २०२५ मध्ये बहुतेक केंद्रांना त्यातून सूट मिळाली. आपल्या कोळशात गंधक कमी असतं आणि गावोगावच्या हवेतही हा वायू मर्यादेतच आढळतो, असं त्याचं समर्थन केलं गेलं. सूट मिळालेल्या केंद्रांना अट कोणती, तर चिमणीच्या उंचीचा निकष पाळायचा. म्हणजे उंच चिमण्यांखाली उभं राहून घेतलेला आकडा चांगला येऊ शकतो. पावसाळ्यात तुमच्याकडचे वारे पश्चिम-नैर्ऋत्येकडून वाहतात. चंद्रपूरच्या गंधकाचा हिशेब करायचा तर पावसाचं पात्र गडचिरोलीत आणि त्याच्याही पलीकडे छत्तीसगडात ठेवावं लागेल.